चिमण्या टिपणारा मुलगा, घरट्यांचा राखणदार: डॉ. सलीम अली

भाईंदर पूर्वेच्या खारीत आता इमारतींची दाटी झाली आहे. तरी गावठाणात काही बैठी घरे उरली आहेत आणि त्यांच्या मागे थोडे परसही उरले आहे. अशाच एका परसात यंदाच्या उन्हाळ्यात लिंबाच्या झाडावर बुलबुलाने घरटे केले. तीन अंडी, मग तीन पिल्ले. घरातली मुले शाळेतून आली की दप्तर टाकून आधी झाडाखाली जायची. एका सकाळी घरटे रिकामे सापडले. खाली दोन-चार पिसे पडलेली. आदल्या रात्री समोरच्या विजेच्या खांबावर घुबड बसलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले होते.

मग निकाल लागायला कितीसा वेळ! मुलांनी दगड गोळा केले. दादी म्हणाल्या, घुबड घरासमोर बसणे बरे नाही, त्याला हाकलाच. शेजारच्या चाचांनी जाळे लावायचा सल्ला दिला. तेवढ्यात घरातल्या मोठ्या मुलीने एक साधा प्रश्न विचारला. घुबडाने पिल्ले नेताना कुणी पाहिले का? कुणीच पाहिले नव्हते. मांजर असेल, कावळा असेल, उंदीर असेल, सापही असेल. घुबडही असेल. पण पाहिले कुणीच नव्हते.

त्या प्रश्नाने आम्हाला डॉ. सलीम अली आठवले. आपल्या मुंबईचा, आपल्याच समाजातला हा माणूस आयुष्यभर हाच प्रश्न विचारत राहिला. कुणी पाहिले का? आणि पाहिले नसेल तर बसून पाहा. गंमत अशी की लहानपणी हाच माणूस घरट्याबाहेर पहारा देणाऱ्या चिमण्यांवर नेम धरायचा. घरट्याचा वैरी घरट्याचा राखणदार कसा झाला, ती ही गोष्ट.

खेतवाडीतले पोरके लेकरू

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई झीनत-उन-निसा गेल्या. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या मुलांना गिरगावातल्या खेतवाडीच्या घरी वाढवले. तय्यबजी घराणे शिकलेले आणि सार्वजनिक कामात पुढे असलेले. स्वातंत्र्यलढ्यात गांधीजींच्या सोबत उभे राहिलेले अब्बास तय्यबजी हेही सलीम यांचे मामाच.

अमिरुद्दीन मामूंना शिकारीचा मोठा नाद होता. त्या काळी सुखवस्तू घरांत तो छंद प्रतिष्ठेचा मानला जाई. भाच्याच्या हातात त्यांनी छऱ्याची छोटी बंदूक दिली. सलीमचा एक दूरचा नातलग आणि नेमबाजीतला सोबती होता इस्कंदर मिर्झा, जो पुढे पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. पोरांचे लक्ष्य काय, तर चिमण्या. चिमणी खाणे हलाल, आणि हलाल कसे करायचे तेही सलीमला शिकवलेले होते. त्यामुळे टिपलेली चिमणी स्वयंपाकघरात जाई आणि कुणाला त्यात वावगे वाटत नसे.

खिळ्यावरचा पहारेकरी

१९०६-०७ च्या सुमाराची एक नोंद सलीम यांनी पुढे मोठेपणी, काहीही न लपवता, छापून दिली. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर एका खिळ्यावर पहाऱ्याला. सलीम उभ्या बग्गीच्या आड दबा धरून बसला आणि त्याने तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. तोही टिपला. मग तिसरा. सात दिवसांत त्या एका खिळ्यावरून आठ नर गेले.

आपल्या घरातल्या मुलाने असे केले तर आपण काय करू? कान धरू. सलीमने केले ते चुकीचेच होते, आणि आम्ही त्याचे समर्थन करणार नाही. पण त्या मुलाने आणखी एक गोष्ट केली, जी सहसा कुणी करत नाही. त्याने जे घडले ते लिहून ठेवले. किती दिवस, किती नर, दरवेळी मादीने काय केले. रात्रीच्या घुबडाइतकाच तो त्या घरट्याचा शत्रू होता, पण त्याचे डोळे उघडे होते. सलीम अलींना पुढे या नोंदीचा अभिमान वाटत असे, तो नेमबाजीचा नव्हे, निरीक्षणाचा.

पिवळ्या गळ्याची चिमणी

त्यानंतर थोड्याच काळात एक वेगळीच चिमणी हाती आली. बाकी सगळे चिमणीसारखे, पण गळ्यावर पिवळा डाग, जणू कालवणाचा थेंब सांडला आहे. मराठीत हिला रानचिमणी म्हणतात. आता पेच पडला. ही चिमणीच ना? मग ही खाणे चालेल का? सलीम पक्षी घेऊन मामूंकडे गेला. मामूंनाही सांगता येईना. मात्र ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. १८८३ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही निसर्ग-अभ्यासकांची संस्था. मामूंनी सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि मुलाला तिकडे पाठवले.

इंग्रज साहेबाच्या कचेरीत एकटे जायचे म्हणून पोरगा घाबरला होता. पण मिलार्ड यांनी त्याला झिडकारले नाही. त्यांनी पक्षी ओळखून दिला. मग एकामागून एक कप्पे उघडून भुसा भरून जपलेले शेकडो पक्षी दाखवले. वाचायला पुस्तके दिली. पक्ष्याचे कातडे काढून तो जतन कसा करायचा, नोंदवही कशी ठेवायची, हे शिकण्याची सोय केली.

एका लहान मुलाच्या शंकेला एका मोठ्या माणसाने दिलेला तो वेळ. भारताच्या पक्षिशास्त्राचा मोठा भाग त्या एका भेटीवर उभा आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आपली मुले काहीतरी हातात घेऊन हे काय आहे असे विचारत येतात तेव्हा आपण मोबाइलमधून डोके वर काढतो का, हे ज्याने त्याने आपल्याला विचारावे.

पदवी नाही, नोकरी नाही

सलीम अभ्यासात हुशार वगैरे नव्हते. डोकेदुखीच्या आजाराने शाळा मोडत गेली. हवापालटासाठी सिंधमध्ये नातलगांकडे राहावे लागले. १९१३ मध्ये मॅट्रिक जेमतेम पार पडले. सेंट झेवियर्स कॉलेजात पहिले वर्ष कठीण गेले, तेव्हा ते ब्रह्मदेशातल्या तवॉय इथे घरच्या खाण आणि लाकडाच्या धंद्यात गेले. धंद्यात मन कमी, जंगलात जास्त. १९१७ मध्ये परत आले, व्यापारी कायदा आणि हिशेबाचे शिक्षण घेऊ लागले, आणि झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने सोबत प्राणिशास्त्रही शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये तहमिना बेगम यांच्याशी त्यांचा निकाह झाला.

पदवी नसल्यामुळे सरकारच्या प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, महिना ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून लागले. दोन वर्षांनी रजा घेऊन बर्लिनला गेले आणि तिथल्या प्राणिशास्त्र संग्रहालयात प्रोफेसर एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. संसार डोक्यावर, हाताला काम नाही.

किहीमची सुगरण

मुंबईत राहणे परवडेना, म्हणून सलीम आणि तहमिना अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. समोर समुद्र, भोवती नारळ-पोफळी. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. दुसऱ्या कुणी नशिबाला दोष देत दिवस काढले असते. सलीम अलींनी त्या पावसाळ्यात घरटी पाहायला घेतली. रोज, तासन् तास, लपून.

बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे सुगरणीचा खोपा मराठी घराघरात पोहोचला. पण खोपा विणतो तो नर. तो पात्यांच्या धाग्यांनी अर्धा खोपा विणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात, ओढून पाहतात. एखादीने पसंत केला तर नर तो पुरा करतो आणि खाली उघडणारी लांब नळी विणतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारीच दुसरा खोपा सुरू करतो. एका नराची अशी अनेक कुटुंबे असतात, हे सलीम अलींनी किहीममध्ये पायरी-पायरीने नोंदवले आणि त्यावरचा निबंध सोसायटीच्या नियतकालिकात आला. बेकारीतल्या त्या महिन्यांनी त्यांचे नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत नेले.

आपल्या परसातल्या प्रश्नाचे उत्तरही त्या खोप्यात आहे. सुगरण घुबडाशी, कावळ्याशी, सापाशी लढायला जात नाही. ती जागा निवडते. खोपा काटेरी बाभळीच्या टोकाला किंवा पाण्यावर झुकलेल्या शिंदीच्या झावळीला टांगलेला असतो. फांदी इतकी बारीक की जड प्राण्याला पाय ठेवता येत नाही. तोंड खाली, त्यामुळे वरून झडप घालणाऱ्याला पिल्लू सापडत नाही. आणि वसाहत असल्याने एकाने पाहिले की सगळ्यांना कळते. राखण म्हणजे वैऱ्याला मारणे नव्हे. वैऱ्याला पोहोचता येणार नाही असे घर बांधणे, ही खरी राखण.

दुःख आणि काम

किहीमनंतर त्यांनी एक वाट काढली. संस्थानिकांकडे जाऊन सांगितले की खर्च तेवढा द्या, तुमच्या राज्यातले पक्षी मी मोजतो, मला पगार नको. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांची पक्षी-सर्वेक्षणे अशी झाली. तंबूतल्या त्या जगण्यात तहमिना सोबत असत. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुण्यांकडे वांद्र्याला पाली हिलवर राहिले आणि कामात बुडाले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र इंग्रजी पुस्तक आले. सामान्य माणसाला घराच्या खिडकीतून दिसणारा पक्षी ओळखता यावा असे ते पुस्तक. त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. पुढे अमेरिकन अभ्यासक डिलन रिप्ले यांच्यासोबत १९६८ ते १९७४ या काळात भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. नाहीशी झाली असे समजली जाणारी फिन्स बाया ही सुगरणीची जात त्यांनी कुमाऊंच्या तराईत पुन्हा शोधली. १९५० मध्ये स्वीडनमधल्या पक्षिशास्त्र परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल युरोपात नेली होती. वय तेव्हा ५३!

स्वातंत्र्यानंतर सोसायटी आर्थिक अडचणीत आली, तेव्हा त्यांनी थेट पंतप्रधान नेहरूंना साकडे घातले आणि संस्था वाचली. राजांच्या शिकारीसाठी राखलेले भरतपूरचे पाणथळ पक्ष्यांचे अभयारण्य व्हावे आणि राहावे यासाठी ते झटले. केरळातले सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणात बुडू नये म्हणून उतारवयात आवाज उठवला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. आंतरराष्ट्रीय पॉल गेटी पुरस्काराचे ५० हजार डॉलर बहुतांशी संवर्धनाच्या कामाला गेले. १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. त्याच वर्षी आत्मचरित्र आले, आणि त्याच्या नावातच ती चिमणी आहे. २० जून १९८७ रोजी, नव्वदी पार केल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. अभ्यासासाठी पक्षी टिपणे त्यांनी मोठेपणीही केले आणि त्याचे कारण उघडपणे मांडले. त्या काळी पक्ष्यांची ओळख पक्की करायचा दुसरा मार्ग नव्हता. पण विनाकारण मारणे, मजा म्हणून मारणे, याच्या ते विरोधात गेले. हा फरक त्यांच्या आयुष्यात हळूहळू पक्का होत गेला.

घुबडाचे काय?

आता परत खारीच्या परसात येऊ. आपल्या वस्तीत साधारण दोन घुबडे दिसतात. पांढऱ्या, बदामी चेहऱ्याचे गव्हाणी घुबड आणि छोटा ठिपकेदार पिंगळा. गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीर आणि घुशी. पिंगळा किडे, पाली, छोटे उंदीर आणि कधीकधी लहान पक्षी खातो. सलीम अलींनी आपल्या लेखनात गव्हाणी घुबडाला उंदरांचा नाश करणारा उपयुक्त पक्षीच मानले आहे. ज्या गल्लीत कचरा आहे तिथे उंदीर आहेत, आणि जिथे उंदीर आहेत तिथे घुबड येणारच. घुबड हाकलले तर उंदीर उरतात, आणि उंदीर अंडी खातात.

अपशकुनाचे म्हणाल, तर इस्लामपूर्व अरबांतही घुबडाबद्दल अशीच भीती होती. मेलेल्या माणसाचा आत्मा घुबड होऊन फिरतो असे ते मानत. पैगंबर साहेबांनी ही समजूत निराधार ठरवली, हे सहीह हदीसमध्ये आले आहे. प्रवासात सोबत्यांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली, ती वर घिरट्या घालू लागली, तेव्हा पिल्ले परत ठेवायला लावल्याची हकिगतही हदीसच्या ग्रंथांत आहे. म्हणजे बुलबुलाच्या पिल्लांची काळजी करणे आपले काम आहेच, पण त्यासाठी घुबडाला मनहूस ठरवायची गरज नाही. शिवाय घुबड पकडणे, मारणे किंवा विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

मग करायचे काय? सुगरणीने शिकवलेलेच.

चिमणीसाठी लाकडी घर लावायचे तर भोक ३२ मिलीमीटरचे ठेवा. त्यातून चिमणी जाते, घुबड किंवा कावळा जात नाही. भोकाखाली बसायची दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, शिकाऱ्याला मात्र पाय रोवायला जागा होते. भोकापासून तळ बराच खोल असू द्या, म्हणजे पंजा आत घातला तरी पिल्लापर्यंत पोहोचत नाही. घर पागोळीखाली, सावलीत, मांजराला उडी मारता येणार नाही अशा भिंतीवर लावा.

बुलबुल, शिंजीर यांच्यासारखे पक्षी असल्या घरात येत नाहीत. त्यांना दाट झाड हवे. लिंबू, मेंदी, बोगनवेल यांची छाटणी घरटे असेपर्यंत पुढे ढकला. घरट्याजवळ पुन्हा पुन्हा जाऊ नका, फोटोसाठी फांद्या बाजूला करू नका. आपण केलेली फट रात्री दुसऱ्याच्या उपयोगी पडते. परसातला दिवा रात्रभर चालू ठेवू नका. दिव्यापाशी किडे येतात आणि किड्यांमागे पिंगळा. कचरा झाकून ठेवा. उंदरांसाठी विष टाकू नका, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर तेही मरते.

एवढे करूनही एखादे पिल्लू जाईल. निसर्गात हे होते. घुबडाच्या ढोलीतही पिल्ले असतात आणि त्यांनाही भूक असते. त्या रात्री बुलबुलाची पिल्ले नेमकी कुणी नेली, ते आम्हाला आजही सांगता येणार नाही.

परसातल्या मुलांनी मात्र दगड टाकून दिले. त्यांनी एक वही केली आहे. घुबड किती वाजता आले, किती वेळ बसले, काय घेऊन उडाले. पहिल्या आठवड्यात त्यांनी ते दोनदा शिकार घेऊन उडताना पाहिले. दोन्ही वेळा चोचीत उंदीर होता. आणि लिंबाच्या झाडावर, पहिल्यापेक्षा थोडे आत, जिथे काटे जास्त दाट आहेत, तिथे बुलबुलाच्या जोडीने पुन्हा काड्या आणायला सुरुवात केली आहे. दादींनी झाडाच्या फांद्या तोडायला आलेल्या माणसाला परत पाठवले.